रियाजाची खोली ते स्टेज, पावलं किती? भाचीसाठी कॉलेज बघताना

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला ताईकडे ऐरोलीला गेलो होतो. ओवाळणं झालं, जेवणं झाली, आणि भाची म्हणाली मामा जरा गॅलरीत चल ना, बोलायचंय. बारावी कॉमर्सला आहे ती, मला वाटलं क्लासबिसचं काहीतरी असेल. तर म्हणे मला म्युझिकल थिएटर करायचंय, नुसतं गाणं नाही, नुसतं नाटक नाही, नाच पण, तिन्ही एकत्र, आणि पदवी त्यातच घ्यायचीय, आई बाबांशी तू बोल.

मी वीसेक वर्षं पेटी वाजवतो. नोकरी वागळे इस्टेटला, पण संध्याकाळ आणि रविवार नाट्यसंगीताच्या साथीला, ठाण्यात, डोंबिवलीत, वाशीत, जिथे बोलावतील तिथे. ही पोरगी पाच वर्षांची असल्यापासून गडकरी रंगायतनच्या विंगेत माझ्या शेजारी मांडी घालून बसायची, त्यामुळे मला काही फार धक्का बसला नाही. पण २०२३ च्या मे महिन्यात बीकेसीच्या त्या नवीन सेंटरला ब्रॉडवेचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या भागातलं, म्युझिकल आलं होतं ते ताईने तिला दाखवलं, आणि तिथून आल्यापासून तिचं एकच, मामा ते लोक नाचता नाचता गातात आणि दम कसा लागत नाही त्यांना? पुढचे दोन महिने तिने मला हेच विचारलं. गाणं कसं होतं ते नाही, दम कसा लागत नाही ते. तेव्हाच मला कळलं होतं की हिला हे खरंच शिकायचंय.

भावोजींचं म्हणणं होतं की हे अमेरिकेचं खूळ आहे. मी त्यांना म्हटलं भावोजी, ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल लावलं, तेव्हापासून आपल्याकडे लोक पदं ऐकायला तिकीट काढून नाटकाला जातायत, आणि आपल्या आजोबांच्या पिढीने वन्समोअर घेत पहाटेपर्यंत नाटकं बघितलीत. गाता येणारा नट ही आपल्या घरचीच गोष्ट आहे. फरक एवढाच की आपला गायक नट पद आलं की एका जागी उभा राहतो, ऑर्गनवाल्याकडे एक नजर टाकतो आणि मग सगळा जीव गाण्यात ओततो. आणि हिला जे हवंय त्यात गाणं चालू असताना अंग पण चालू असतं, ब्रॉडवेवर तर असे आठवड्याला आठ प्रयोग. म्हणजे तालीम वेगळी लागते. गळ्याची, पायांची आणि अभिनयाची, आणि तीन वेगवेगळ्या क्लासला जाऊन ती होत नाही, कारण गाण्याच्या क्लासला पाय स्थिर असतात आणि नाचाच्या क्लासला तोंड बंद असतं.

आता अडचण अशी की आपल्या जवळपासच्या विद्यापीठांत फॉर्म भरायला गेलं की एकच रकाना भरायचा असतो, संगीत नाहीतर नाट्य नाहीतर नृत्य. म्हणजे प्रश्न असा झाला की एक विषय कागदावर घ्यायचा आणि बाकीचे दोन ज्या कॅम्पसमध्ये आपोआप कानावर पडतील, अंगात मुरतील, असा कॅम्पस शोधायचा. मला हे सुरुवातीला सुचलं नव्हतं बरं का, ते भाचीनेच सुचवलं.

ती रात्र रात्र अमेरिकेतल्या कॉलेजांच्या व्हिडिओ टूर बघायची. सिनसिनाटीचं सीसीएम, म्हणजे तिथल्या विद्यापीठाचं संगीताचं कॉलेज, जिथे १९६८ मध्ये तिकडचा म्युझिकल थिएटरचा पहिला पदवी कोर्स सुरू झाला. पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन, नाटकात पदवी द्यायची सुरुवात तिकडे यांनी केली, १९१४ साली. मिशिगन विद्यापीठ, अ‍ॅन आर्बरला. मी पण शेजारी बसून बघायला लागलो. मिशिगनचं बघताना ती म्हणाली मामा बघ, यांचं संगीत, नाटक, नाच सगळं नॉर्थ कॅम्पसला आहे आणि मुख्य कॅम्पसला जायला बस घ्यावी लागते, म्हणजे बाकीच्या विद्यापीठापासून लांब, पण एकमेकांच्या जवळ. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. एकमेकांच्या जवळ.

तिकडची ऑडिशनची पद्धत पण तिने मला समजावली. आधी घरून रेकॉर्ड करून व्हिडिओ पाठवायचा, तो आवडला तर प्रत्यक्ष बोलावतात, आणि जानेवारी फेब्रुवारीच्या सुमारास न्यूयॉर्क, शिकागो अशा ठिकाणी बरीच कॉलेजं एकत्र येऊन ऑडिशन घेतात. गाण्याला देतात सोळा किंवा बत्तीस बार, बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन, म्हणजे सगळं मिळून अर्धं ते दीड मिनिट. आम्ही म्हटलं करून बघू, एक नाट्यपद दीड मिनिटात बसवू. तीन रविवार गेले! आपल्या पदाला स्वर लागेपर्यंतच तेवढा वेळ जातो, मग आलाप काढून टाकला, एक तान ठेवली, अंतऱ्यावरून सरळ धृवपदावर आलो. त्या कापाकापीत तिला एक गोष्ट कळली की पदातला कुठला शब्द नाटक पुढे नेतो आणि कुठला नुसता सजावटीचा आहे. अमेरिकेचा खर्च आमच्या घराला झेपणारा नाही, ते ताईने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं आणि भाचीनेही ते मानलं, पण त्या टूर बघण्यात गेलेला वेळ मला वाया गेला असं अजिबात वाटत नाही, कारण कॅम्पसमध्ये काय बघायचं ते आम्ही तिथे शिकलो. जमीन बघायची, हे तर मला माहीतच नव्हतं. नाचाच्या खोलीची जमीन लाकडी आणि खालून थोडी पोकळ, दबणारी पाहिजे, सिमेंटवर टाइल लावून त्यावर रोज चार तास उड्या मारल्या तर गुडघे आणि नडगी दुखायला वेळ लागत नाही.

मग डिसेंबरपासून आम्ही दोघं हिंडायला लागलो.

सुरुवात एका नवीन खाजगी कॉलेजपासून केली. नाव घेत नाही. मोठी काचेची बिल्डिंग, गेटपासून आत गाडीने नेतात, माहितीपत्रकावर स्टेजचा मस्त फोटो. डान्स स्टुडिओ चौथ्या मजल्यावर, गुळगुळीत टाइल. ऑडिटोरियम तळमजल्यावर, पण कुलूपबंद, चावी ऑफिसात, आणि मुलांना ते कार्यक्रम असेल तेव्हाच मिळतं. मी विचारलं रियाज कुठे करतात, तर आम्हाला फिरवणारा मुलगा म्हणाला सर हॉस्टेलला हेडफोन लावून करतात. मी विचारलं साथीला कोण असतं, तर म्हणाला ट्रॅक असतो ना. स्टुडिओपासून त्या कुलपापर्यंत मी पावलं मोजली, लिफ्ट सोडून चारशे बारा. भाची परत येताना ट्रेनमध्ये गप्प होती, तिला तो फोटो फार आवडला होता.

ट्रॅकबद्दल मला थोडं लांबून सांगायचंय, कारण हे मी रोज हाताने करतो. नाटकात पदाच्या आधी नट एक वाक्य बोलतो आणि थांबतो. तो थांबा आज दोन सेकंदांचा असेल, उद्या प्रेक्षक हसले तर पाच सेकंदांचा, परवा कोणी रडायला लागलं तर त्याहून जास्त. पेटीवर मी त्याच्या पाठीकडे बघत असतो, खांदा वर गेला की श्वास घेतला, की मी सूर देतो. नट दमला असेल तर मी लय अर्ध्या केसाने मागे ओढतो, तबलजीला ते डोळ्याने कळतं, प्रेक्षकांना कळत पण नाही. ट्रॅकला हे येत नाही. ट्रॅकवर शिकलेली मुलं ट्रॅकच्या मागे धावायला शिकतात, थांबायला शिकत नाहीत, आणि थांबता आलं नाही तर ते नाटकातलं गाणं होत नाही, नुसतं गाणं होतं. मोठ्या म्युझिकलमध्ये पण खाली वाद्यवृंद असतो आणि कंडक्टर स्टेजकडे बघत असतो, ते उगाच नाही. म्हणून तेव्हापासून कुठेही गेलो की माझा पहिला प्रश्न, तालमीला पेटीवर कोण बसतं? दुसरा प्रश्न, खोलीची चावी कोणाकडे असते?

कलिना तर आपल्याला जवळचंच, ठाण्याहून कुर्ल्याला उतरून पुढे रिक्षा. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स तिथे, २००३ मध्ये नाट्यदिग्दर्शक वामन केंद्रेंनी उभी केलेली, आणि लोककला अकादमी पण आहे, म्हणजे तमाशा, भारूड, शाहिरी यांचा अभ्यास. खरं तर गाऊन नाचून नाटक करणं तमाशाइतकं कुठे भरलेलं आहे, हे मी भाचीला तिथे उभं राहून सांगितलं, गण गौळण बतावणी वग, तमाशाच्या या सगळ्या भागांत गळा आणि पाय सोबतच. पण थिएटर आर्ट्सचा तो कोर्स पदवीनंतरचा, दोन वर्षांचा. दिल्लीचं एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पण तसंच, आधी पदवी आणि नाटकांचा अनुभव. म्हणून ते दोन्ही तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले, तीन चार वर्षांनी बघू म्हणून.

मग पुणे. पहाटेची इंद्रायणी ठाण्याला पकडली आणि शिवाजीनगरला उतरलो. गणेशखिंडीतलं विद्यापीठ मी आधी पाहिलं होतं, पण ललित कला केंद्रात कधी गेलो नव्हतो. १९८७ ला सुरू झालेलं, लोक त्याला गुरुकुल पण म्हणतात कारण संगीत आणि नृत्य तिथे गुरूकडे बसून शिकायची सोय विद्यापीठाच्या चौकटीत केलीय, आणि नाटककार सतीश आळेकर १९९६ पासून २००९ पर्यंत तिथे प्रमुख होते. बारावीनंतर प्रवेश आहे, आणि संगीत, नृत्य, नाट्य तिन्ही एकाच केंद्रात. आम्ही कोणाला काही विचारायच्या आधी वीस मिनिटं नुसते झाडाखाली बसलो. मी डोळे मिटून. एका बाजूने तबला, थोड्या वेळाने घुंगरू, आणि कुठेतरी एक मुलगा तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या तऱ्हेने बोलत होता, आणि तबल्याची लय बदलली तसा त्याचा बोलण्याचा वेग पण बदलला, त्याला स्वतःला कळलं नसेल. मी भाचीला कोपराने ढोसलं, ऐक. तिने आधीच ऐकलं होतं.

इथे मी पावलं मोजली नाहीत. गरजच वाटली नाही.

एका सीनियर मुलीशी भाची अर्धा तास बोलली, मी मुद्दाम लांब चहा घेत उभा राहिलो, कारण मामा शेजारी असला की मुली खरं विचारत नाहीत. तालीम संपल्यावर रात्री परत कसं जाता, हॉस्टेलचं गेट, मेस, धुळीने घसा बसतो का, पहिल्या वर्षाला स्टेजवर काय करायला मिळतं. हे सगळं घरी येऊन तिने ताईला सांगितलं आणि ताईचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. आईला लाकडी जमिनीपेक्षा रात्रीचा रस्ता महत्त्वाचा असतो आणि तिचं बरोबर आहे.

बडोद्याला फेब्रुवारीत गेलो, ठाण्याहून घोडबंदर रोडने बोरिवली आणि तिथून गाडी. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये काढलेली संगीतशाळा, तीच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी झाली, सूरसागर तळ्यासमोर. गायन, वादन, नृत्य, नाट्य एकाच फॅकल्टीत, आणि पदवी चार वर्षांची. जुनी वास्तू, तळ्याचं पाणी समोर, मला तर वाटलं नोकरी सोडून आपणच नाव घालावं. पण तिथे बाहेर सगळा व्यवहार गुजराती हिंदीत, आणि भाचीला पदं मराठीत करायचीत, मराठी प्रेक्षकांसमोर. चार वर्षं त्या प्रेक्षकांपासून लांब राहायचं का, यावर आम्ही परतीच्या गाडीत वापीपर्यंत वाद घातला. ती म्हणाली लांब राहिले तर दुसरं काही कानावर पडेल. मी म्हटलं भाषेचा श्वास वेगळा असतो. दोघांचंही खरं होतं.

शेवटी ठरलं ते असं, पुणे पहिलं, बडोदा दुसरं, रकान्यात नाट्य. गाणं इथे ठाण्यात गुरुजींकडे चालू आहे ते पुण्यात कोणाकडे पुढे न्यायचं ते बघू. भावोजींनी शेवटपर्यंत हो म्हटलं नव्हतं, पण मार्चमध्ये एका शनिवारी स्वतः म्हणाले चल मला दाखव, आणि आम्ही तिघं पुन्हा पुण्याला गेलो. ते काही बोलले नाहीत. झाडाखाली बसले, ऐकलं, आणि मला विचारलं, हिला पेटी घ्यावी लागेल का रे, हॉस्टेलला नेता येईल अशी?

सध्या रविवारी सकाळी सातला भाची ऐरोलीहून नौपाड्यात माझ्याकडे येते. दोरीच्या पन्नास उड्या, आणि एकावन्नाव्या उडीला काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, सा, मग उड्या चालू ठेवून पद. खालच्या काकूंना विचारून ठेवलंय, त्या म्हणाल्या करू दे पोरीला. सुरुवातीला अंतऱ्यात दुसऱ्याच ओळीला श्वास तुटायचा, मी पेटीवर थांबायचो, ती पुन्हा पहिल्यापासून. काल अंतरा तुटला नाही. समेवर आली, दोरी टाकली, आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाली, मामा, आता जरा वरच्या लयीत घे.