लायसन्स आहे ना, मग फाइल कशाला?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. पहिली ओळखीपाळखीची, कुणाच्या तरी घरी जेवायला जमलेली. न्यू जर्सीतल्या एका मूव्हिंग, म्हणजे लोकांचं घरसामान हलवणाऱ्या कंपनीत मी ड्रायव्हरांच्या फायली आणि सेफ्टीचं काम बघते, असं सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर आधी सहानुभूती येते आणि मग प्रश्न येतो, "पण ड्रायव्हरकडे लायसन्स असतंच ना? मग तू दिवसभर करतेस काय?" दुसरी माणसं फोन करतात. त्यांनी नुकताच एखादा ट्रक घेतलेला असतो, दोन मदतनीस ठेवलेले असतात आणि आवाज जरा दबका असतो. "ताई, आमचा ट्रक २६ फुटी आहे, त्याला सीडीएल, म्हणजे व्यावसायिक लायसन्स, लागत नाही. म्हणजे हे फायलींचं वगैरे आपल्याला नाही ना?" त्यांना "नाही" एवढंच ऐकायचं असतं. परवाही असा एक फोन आला. त्याच्याकडे शेवटी येते.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. यात दोन आकडे आहेत, ते मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील: १०,००१ आणि २६,००१. दोन्ही पौंडांत. ट्रकचं स्वतःचं वजन आणि त्यात भरता येणारा जास्तीत जास्त माल मिळून कारखान्याने एक आकडा ठरवून दिलेला असतो, तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो. तो २६,००१ किंवा त्याच्या वर, म्हणजे साधारण ११,८०० किलोंच्या पुढे गेला की ड्रायव्हरला सीडीएल लागतं. सीडीएलबरोबर ड्रग आणि दारूच्या चाचण्या येतात, आणि ६ जानेवारी २०२० पासून क्लिअरिंगहाउस नावाची केंद्रीय नोंदवहीही येते. चाचणीत नापास झालेला माणूस दुसऱ्या कंपनीत जाऊन गुपचूप ट्रक चालवायला लागू नये, म्हणून ती आहे.

आता मूव्हर्स वापरतात त्या बऱ्याचशा २६ फुटी ट्रकांच्या पट्टीवर काय लिहिलेलं असतं? २५,९९९. नाहीतर २६,०००. सीमेच्या एक-दोन पौंड अलीकडे. हा काही योगायोग नाही, ट्रक तसेच बनवून घेतले जातात.

इथेच सगळा घोळ होतो. सीडीएल नको म्हणजे काहीच नको, असा समज पसरलेला आहे. प्रत्यक्षात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालासाठी १०,००१ पौंडांपासूनच केंद्रीय नियम लागू होतात. ड्रायव्हरची फाइल, तो ट्रक चालवण्याइतका तंदुरुस्त असल्याचं डॉक्टरचं मेडिकल कार्ड, कामाच्या तासांची मर्यादा, ट्रकची वार्षिक तपासणी, दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव आणि यूएसडीओटी नंबर, म्हणजे केंद्रीय वाहतूक खात्याने कंपनीला दिलेला क्रमांक, आणि तोही ५० फुटांवरून वाचता येईल असा. ड्रायव्हरचं वय २१ पूर्ण हवं. आणि राज्याची सीमा ओलांडायची ती मालाने, ट्रकने नव्हे. सामान एडिसनमधल्या घरातून नेवार्कच्या गोदामात नेलं आणि तिथून दुसऱ्या ट्रकने ओहायोला गेलं, तर नेवार्कपर्यंतची ती अर्ध्या तासाची फेरीही आंतरराज्यच धरली जाते. हे सांगितलं की फोनवरचा माणूस थोडा वेळ गप्प होतो.

फाइल म्हणजे नुसते कागदांचे गठ्ठे, असं मलाही पहिलं वर्षभर वाटायचं. अर्ज, लायसन्स देणाऱ्या राज्याकडून मागवलेला वाहन चालवण्याचा तीन वर्षांचा इतिहास, आधीच्या मालकांकडे केलेली चौकशी, मेडिकल कार्ड, वर्षातून एकदा तो इतिहास परत मागवून केलेली नोंद. ड्रायव्हर सोडून गेला तरी तीन वर्षं हे सगळं जपायचं. पूर्वी यात आणखी एक गंमत होती. दरवर्षी ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने आपल्या वाहतूक गुन्ह्यांची यादी लिहून द्यायची. कोण कशाला लिहील? सगळे "एकही नाही" लिहून सही करायचे आणि मी तो कागद लावून ठेवायची. २०२२ साली तो नियम रद्द झाला, बरं झालं.

माझं मत बदललं ते रोड टेस्टच्या कागदामुळे.

जरा विचार करा. सीडीएलवाल्याने मोठ्या गाडीवर सरकारी परीक्षा दिलेली असते, म्हणून नियम म्हणतो की त्याचं सीडीएल हेच रोड टेस्टच्या जागी चालेल. पण साध्या लायसन्सवर २६ फुटी ट्रक चालवणाऱ्याने परीक्षा कशावर दिली होती? आईच्या किंवा मावशीच्या छोट्या गाडीवर, सतराव्या-अठराव्या वर्षी. त्यानंतर त्याला कुणी तपासलेलंच नाही. उद्या तोच माणूस चार-पाच टन माल भरलेला, मागचं काहीही न दिसणारा डबा घेऊन एखाद्या शाळेसमोरून जाणार आहे. सरकारने त्याची परीक्षा घेतलेली नाही, म्हणून ती कंपनीने घ्यायची. काय काय बघायचं ते नियमात आहे: निघण्याआधीची ट्रकची तपासणी, गाडी चालू करणं, वाहतुकीत चालवणं, वळणं, ब्रेक, आणि रिव्हर्स घेऊन पार्क करणं. परीक्षा घेणाऱ्याने निकाल लिहून सही करायची आणि ड्रायव्हरला प्रमाणपत्राची प्रत द्यायची.

अनेक ठिकाणी ही परीक्षा कंपनीच्या अंगणात एक चक्कर मारून उरकली जाते. आम्हीही तसंच करायचो. मग एकदा चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा आला. अंगात ताकद, वागायला गोड, लायसन्स अगदी स्वच्छ. आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर त्याच्या शेजारी बसला आणि अंगणातली चक्कर न मारता त्याला सरळ एका जुन्या वस्तीत घेऊन गेला. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना गाड्या, वर झाडाच्या फांद्या. मुलगा रिव्हर्स घेताना फक्त डावा आरसा बघत होता. वळताना ट्रकचं ढुंगण, हा शब्द त्या म्हाताऱ्याचा, माझा नाही, विरुद्ध बाजूला किती बाहेर जातं याची त्याला कल्पनाच नव्हती. आणि फोनवरचा नकाशा सांगेल तिकडे तो निघाला होता. आमच्या भागात हे महागात पडतं, कारण न्यूयॉर्कच्या बाजूचे पार्कवे फक्त मोटारींसाठी आहेत आणि त्यांच्यावरचे जुने पूल इतके बुटके आहेत की ट्रकचं छप्परच सोलून निघतं. साधा फोन हे सांगत नाही.

परत आल्यावर म्हातारा म्हणाला, "मुलगा चांगला आहे. दोन आठवडे द्या. आज सही मागू नका." मी मागितली नाही. जूनचा शेवट होता, सगळ्या मूव्हर्सचा जीव तेव्हा मेटाकुटीला आलेला असतो, आणि मालक माझ्यावर भयंकर चिडले होते. त्या दिवसापासून रोड टेस्टचा कागद मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावते.

मेडिकल कार्डाचं थोडक्यात सांगते. कुठल्याही डॉक्टरचं चालत नाही, मे २०१४ पासून तो केंद्रीय नोंदणी यादीतला असावा लागतो, आणि तो यादीत आहे हे मी स्वतः तपासल्याची नोंद फाइलमध्ये लागते. नजर दोन्ही डोळ्यांना निदान २०/४० हवी, चष्म्यासह चालते. भारतात ज्याला ६/१२ म्हणतात तीच. कार्ड जास्तीत जास्त २४ महिन्यांचं असतं, पण रक्तदाब वर असेल तर डॉक्टर वर्षाचंच देतात, आणि तिथेच आम्ही फसतो. डोक्यात "दोन वर्षं" बसलेलं असतं. आमचा एक ड्रायव्हर ऐन जुलैत कार्ड संपलेल्या अवस्थेत नऊ दिवस ट्रक चालवत होता. मला कळलं तेव्हा तो पेनसिल्व्हेनियात कुणाच्या तरी घरचं फ्रिज उतरवत होता. दुसरा ड्रायव्हर तिथे पाठवला, पहिल्याला मोटारीने परत आणलं. आता माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक कार्डाची तारीख साठ दिवस आधीच लाल होते. सॉफ्टवेअर आहे, तरी भिंत बरी वाटते.

पण मूव्हिंगच्या धंद्यात खरा धोका कशाचा, असं विचारलंत तर मी थकव्याचं नाव घेईन. इतर मालाचा ड्रायव्हर बहुतेक वेळ बसून असतो, मूव्हिंगचा ड्रायव्हर आधी सहा तास कपाटं उचलतो आणि मग ट्रक चालवतो. नियम सांगतो की सलग दहा तास सुटी घेऊन कामावर आल्यापासून चौदाव्या तासानंतर ट्रक चालवायचा नाही, आणि त्या चौदा तासांत प्रत्यक्ष चालवायचं ते जास्तीत जास्त अकरा तास. सामान बांधणं, चढवणं, उतरवणं, ग्राहकाची वाट बघत जिन्यात बसणं, सगळं त्या चौदा तासांतच मोजलं जातं. सकाळी सहाला यार्डात आलेल्या माणसाचा रात्री आठला खेळ संपला. तिसऱ्या मजल्यावरून पियानो उतरवायला तीन तास जास्त गेले, तर घड्याळ त्याच्यासाठी थांबत नाही.

यातली एक विसंगती मला कायम टोचते. चौदा तासांनंतर चालवायला बंदी आहे, उचलायला नाही. म्हणजे पंधराव्या तासाला माणूस सोफा डोक्यावर घेऊन जिना उतरू शकतो, नियमाला चालतं. पाठीला चालत नाही.

सगळ्यांना इलेक्ट्रॉनिक लॉग, म्हणजे हे तास आपोआप टिपणारं ट्रकमधलं यंत्र, लागतंच असं नाही. दीडशे हवाई मैलांच्या, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे किलोमीटरांच्या परिघात राहून चौदा तासांच्या आत जिथून निघाला तिथेच परत येणाऱ्याला फक्त कामाच्या वेळांची नोंद पुरते. आमच्या बऱ्याच फेऱ्या यातच बसतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांसाठी माणूस घेतो तेव्हा मात्र आधीच्या सात दिवसांत तो किती तास कामावर होता, हे त्याच्याकडून लिहून घ्यायचं असतं. हे फार थोडे लोक करतात. आठवडाभर दुसऱ्याकडे साठ तास राबून आलेला माणूस आपल्या दारात "ताजा" म्हणून उभा असतो, आणि आपण खूश होऊन त्याला किल्ली देतो.

किल्लीवरून आठवलं. माझी सगळ्यात मोठी चूक किल्लीचीच. ड्रायव्हर आत आरसे गुंडाळत होता, खाली कुणीतरी ट्रक पुढे घ्या म्हणून हॉर्न वाजवत होतं, म्हणून एका मदतनिसाने ट्रक हलवला. जेमतेम दोन घरं पुढे. उभ्या गाडीचा आरसा तुटला, बाकी काही नाही, कुणाला लागलं नाही. पण माल व्हर्जिनियाला जायचा होता आणि त्या मुलाची फाइल नव्हती. रोड टेस्ट नाही, मेडिकल कार्ड नाही. मदतनिसाला फाइल लागत नाही हे खरं, पण सार्वजनिक रस्त्यावर स्टिअरिंगवर बसल्या क्षणी तो ड्रायव्हर होतो, मग ती दोन घरं असोत नाहीतर दोनशे मैल. मी प्रत्येक ड्रायव्हरची फाइल चोख ठेवली होती, आणि प्रत्यक्षात ट्रक कोण कोण हलवतं हे एकदाही जाऊन बघितलं नव्हतं. त्यानंतर किल्ली ड्रायव्हरच्या पट्ट्याला अडकवलेली असते, आणि ज्या दोन मदतनिसांना ट्रक हलवावा लागतोच, त्यांच्या रीतसर फायली केल्या.

इंग्रजीबद्दलही हल्ली विचारतात. अधिकाऱ्याशी बोलता येईल, पाट्या वाचता येतील इतकं इंग्रजी हवं हा नियम जुनाच आहे, पण २५ जून २०२५ पासून त्यावरून ड्रायव्हरला जागच्या जागी थांबवता येतं. आमचे काही ड्रायव्हर घरी स्पॅनिश बोलतात. त्यांच्याबरोबर मी दर शुक्रवारी अर्धा तास अधिकारी होऊन बसते. माझे उच्चार ऐकून ते हसतात, ते वेगळं.

आता परवाचा फोन. गृहस्थ स्वतःच ट्रक चालवतात, कंपनी त्यांचीच, न्यू जर्सी ते पेनसिल्व्हेनिया फेऱ्या. मी म्हटलं, "हो, फाइल लागते. तुमचीसुद्धा."

"माझी? पण मालक मीच आहे, ताई."

"मालकाचीही लागते. मेडिकल कार्ड, रोड टेस्ट, सगळं."

"मग रोड टेस्ट मीच माझी घेऊन टाकतो की!"

नियमात हे लिहून ठेवलंय, मालकच ड्रायव्हर असेल तर परीक्षा दुसऱ्याने घ्यायची, आणि घेणाऱ्याला ते काम कळत असायला हवं. मी तसं सांगितलं. ते जरा विचारात पडले, मग म्हणाले, "बायकोने घेतली तर चालेल?"

"वहिनींना २६ फुटी ट्रक रिव्हर्स घेता येतो का?"

मागून वहिनींचा आवाज आला, "याला तरी कुठे येतो!"