शो रिंगमधला खोडसाळपणा आणि आमची मैना

रविवार, रात्र

आज कुत्र्यांच्या शोमध्ये मैनाला, आमच्या कारवान हाउंड जातीच्या मादीला, तिच्या वर्गात दुसरा नंबर मिळाला. पहिली आलेली मादी खरोखर सुंदर चालत होती, मागच्या पायांचा रेटा मैनापेक्षा जास्त होता, त्यामुळे निकालाबद्दल माझी काही तक्रार नाही. डोक्यातून जात नाहीये ते रिंगमधलं वागणं. उद्या ऑफिसच्या गडबडीत तपशील पुसट होतील, म्हणून आत्ताच लिहून काढते.

गोल फेरी सुरू झाली तेव्हा आमच्या मागे एक मुरलेले हँडलर, म्हणजे रिंगमध्ये कुत्रा चालवून दाखवणारे, होते. दोन कुत्र्यांमध्ये मोकळी जागा सोडायची असते, हे त्यांना मी सांगायची गरज नाही. तरी पहिल्याच वळणावर त्यांनी आपली मादी मैनाच्या पार शेपटीला आणून भिडवली. मैनाने मान वळवली, पाऊल चुकलं आणि छान लागलेली दुडकी चाल मोडून ती उड्या मारायला लागली. जजची नजर नेमकी तेव्हाच आमच्यावर. पुढच्या वळणावर पुन्हा तेच घडलं, त्यामुळे चुकून झालं असं मी म्हणणार नाही.

कारवान हाउंड परक्याचा हात अंगावर सहज घेत नाही. तो या जातीचा स्वभावच आहे. जाणकार जज समोरून, संथपणे येतात, आधी हात हुंगू देतात, मग दात आणि पाठ बघतात. मैना तेवढा वेळ शांत उभी राहावी यासाठी आम्ही वर्षभर खपलो आहोत. आज जज तिच्या जबड्यापाशी वाकले आणि दोरीबाहेरून कुणीतरी खेळणं चूं चूं वाजवलं. आपल्या कुत्र्याचे कान टवकारले जावेत म्हणून बाहेरून असे आवाज काढायचे, याला शोवाले डबल हँडलिंग म्हणतात. एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत त्याला साफ मनाई आहे. पण त्या आवाजाने बाकीच्यांचीही कुत्री विचलित होतात, आणि वाजवणाऱ्यांना तेही हवंच असतं. मैना मागे सरली. जज चांगले होते, ते थांबले, ती सावरेपर्यंत नुसते उभे राहिले. त्यांचे मी मनापासून आभार मानते.

फेरी थांबल्यावर मी मागे वळले आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाले, "दादा, जरा अंतर ठेवा, ती बिचकतेय." आवाज चढवला नाही. जजशी काही बोलले नाही, रिंगमध्ये ते बोलायचंही नसतं. रिंगची व्यवस्था बघणाऱ्या स्टुअर्डताईंना एवढंच विचारलं की मला शेवटी उभं राहू द्याल का. त्या लगेच हो म्हणाल्या. शेवटी उभं राहिलं की नंबर हुकतो असं पुष्कळजण मानतात. मला ते पटत नाही. जज प्रत्येक कुत्र्याला एकट्याने पळवून बघतातच, सरळ नेऊन आणून किंवा त्रिकोणात. रांगेच्या शेवटी आपल्या मागे कुणी नसतं, आणि मैनासारख्या मादीला तेवढंच हवं असतं. नंतरच्या फेरीत ती अशी पळाली की रिंगबाहेरून दोघा-तिघांनी टाळ्या दिल्या.

माझ्यापेक्षा वाईट अनुभव एका पोराला आला. श्रीगोंद्याकडचा, वडिलांबरोबर आलेला, पहिलाच शो. त्याचा कारवान, बाण, मेंढरांच्या वाड्यावर वाढलेला, छाती खोल, पोट आत ओढलेलं, बघत राहावं असा नर. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ, राजपालयम, कोंबई या देशी जातींची नावं घेतली, तेव्हापासून अशी नवी माणसं शोमध्ये जास्त दिसायला लागली आहेत आणि मला त्याचा फार आनंद होतो. या पोराला सकाळी कुणीतरी सांगितलं, "तुमचा वर्ग जेवणानंतर आहे, बसा निवांत." म्हणून बापलेक लिंबाखाली भाकरी सोडून बसले होते. इकडे रिंगवर त्याचा आर्मबँड नंबर, म्हणजे दंडावरच्या पट्टीवरचा नंबर, पुकारला जात होता. मी तिथून जात होते म्हणून कळलं. "अरे, तुझा नंबर आहे, पळ!" म्हटल्यावर पोरगा हातातला घास टाकून धावला. शेवटच्या क्षणी पोचला, धापा टाकत. साहजिकच बाणही बावरलेला. तिसरा नंबर आला.

त्याचे वडील मला म्हणाले, "ताई, आमच्याच ऐकण्यात चूक झाली असंल." मी म्हटलं, "नाही काका, तुमची चूक नाही." त्यांना हे सांगणं मला फार गरजेचं वाटलं. फसवलेला माणूस स्वतःलाच दोष देत घरी गेला तर तो पुन्हा येत नाही, आणि त्याच्याबरोबर असा कुत्राही रिंगमधून कायमचा जातो. कार्यक्रमपत्रिकेत आपला वर्ग कसा शोधायचा, रिंगपाशी स्टुअर्डकडे जाऊन खात्री कशी करायची, हे मी त्यांना कागदावर लिहून दिलं. वेळ विचारायची ती फक्त स्टुअर्डला, दुसऱ्या स्पर्धकाला नाही.

दुपारी जे बघितलं ते लिहितानाही हात जड होतो. दुसऱ्या एका जातीच्या वर्गात पहिला नंबर हुकला म्हणून एका माणसाने रिंगबाहेर येताच कुत्र्याला लीडने असा हिसका दिला की ते मागच्या पायांवर कोलमडलं. रोझेट, म्हणजे बक्षिसाचं फितीचं फूल, जमिनीवर फेकलेलं. माझ्या मागे धावणारे, खेळणी वाजवणारे, यांच्याशी मी निभावून नेईन. पण मार कुत्र्याने खाल्ला, तिथे गप्प बसणं मला मान्य नाही. मी त्या माणसाशी भांडले नाही. भांडले असते तर त्याने गाडीत नेऊन कुत्र्यावरच राग काढला असता. वेळ, रिंग, आर्मबँड नंबर टिपला, शेजारच्या दोघांना विचारलं, "तुमचं नाव साक्षीदार म्हणून लिहू का?" दोघंही हो म्हणाले. शो संपायच्या आत सेक्रेटरींच्या हातात लेखी तक्रार दिली आणि प्रतीवर त्यांची सही घेतली. तोंडी सांगितलेलं मांडव उतरला की विरून जातं.

सोमवार, संध्याकाळ

सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर कालच्या शोचं चर्वितचर्वण चालू आहे. "जज चेहरे बघतो, कुत्रा नाही", "अमक्याने तमक्याच्या कुत्र्याला काहीतरी खायला घातलं". दुसऱ्या वाक्याला मी उत्तर दिलं. विचारलं, कुणी बघितलं का? कुणीच बघितलं नव्हतं.

२०१५ च्या मार्चमध्ये बर्मिंगहॅमच्या क्रफ्ट्स या मोठ्या डॉग शोमध्ये भाग घेतलेला जॅगर नावाचा आयरिश सेटर बेल्जियमला घरी परतल्यावर मेला. पोटात विष घातलेलं मांस सापडलं. जगभर बातम्या आल्या की प्रतिस्पर्ध्याने शोमध्ये विष दिलं. पुढे तपासणीत कार्बोफ्युरान आणि अल्डिकार्ब ही दोन झटपट परिणाम करणारी विषं निघाली. लक्षणं दिसल्याच्या वेळेवरून तो शो भरवणाऱ्या केनेल क्लबने जाहीर केलं की ते मांस त्याने बेल्जियममध्येच खाल्लं असणार. तोवर त्या शोमधल्या कितीतरी प्रामाणिक माणसांवर संशयाची सावली पडून गेली होती. म्हणून न बघितलेली गोष्ट मी ग्रुपवर लिहीत नाही आणि दुसऱ्याने लिहिली तर विचारते. संशय घेण्यापेक्षा काळजी घेतलेली बरी: मैनाच्या क्रेटपाशी, म्हणजे पिंजऱ्यापाशी, घरचं कुणीतरी सतत बसलेलं, पाणी घरून आणलेलं, आणि परक्याच्या हातचा तुकडा मैनाला द्यायचा नाही, मग तो माणूस कितीही गोड बोलो.

ऑफिसातून आल्यावर मैदानावर गेलो. शेजारच्या मुलांना मुद्दाम बोलावलं होतं. एकजण मैनाच्या मागून धावायचा, आधी लांबून, मग हळूहळू जवळून, आणि ती सरळ चालत राहिली की तिला उकडलेल्या चिकनचा तुकडा. दुसरी कुंपणापलीकडून खेळणं वाजवायची. पहिल्यांदा मैनाने कान फिरवले, नंतर माझ्याकडे बघायला लागली. जवळ आणायची घाई केली नाही. या जातीला एकदा बसलेली भीती सहज निघत नाही, त्यामुळे ती कंटाळायच्या आधीच सराव थांबवला.

परत येताना श्रीगोंद्याच्या पोराचा फोन. "ताई, लीड किती सैल धरायची? बाण वळणावर ओढतो." बराच वेळ बोललो. येत्या रविवारी वडिलांबरोबर बाणला घेऊन आमच्या मैदानावर येतोय. मैनाच्या मागे धावायला बाणच असेल, व्यवस्थित अंतर ठेवून, म्हणजे दोघांनाही सवय होईल. पुढच्या शोची एंट्री महिनाअखेर बंद होते. त्याचे कागद बघून फॉर्म त्याच दिवशी भरून टाकू.