फेलोशिप मिळाली, पण एका पानाच्या पत्राने दीड महिना खाल्ला

पीएचडीची फेलोशिप सुरू होऊन आता बरेच महिने झाले, पहिला हप्ताही आला, तरी अर्जासाठी कॉलेजकडून घ्यायचं ते फॉरवर्डिंग लेटर आठवलं की माझं डोकं अजून तापतं. फेलोशिप कुठल्या कुठल्या असतात याच्या याद्या सगळीकडे मिळतात, पण तो फॉर्म कुठे अडतो ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. आमच्या सिंधुदुर्गातल्या, रत्नागिरीतल्या कॉलेजांत पीएचडी करणाऱ्यांनी तर नक्की वाचा.

मी देवगड तालुक्यातली. विषय समाजशास्त्र, काम रापणीवर. रापण म्हणजे होडीतून समुद्रात जाळं सोडत जायचं आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना माणसं लावून ओढायचं, सगळ्या गावाचं मिळून काम आणि मासळीत सगळ्यांचा वाटा. त्यात वाटा कोणाला किती, आणि ती मासळी टोपलीतून बाजारात नेणाऱ्या बायकांना हातात काय उरतं, हे मला शोधायचंय. नेट परीक्षा झालेली पण तिच्यातूनच मिळणारी जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, थोडक्यात गेली. ते जेआरएफचे महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, ते गेल्यावर काय वाटतं ते ज्याचं गेलंय त्यालाच कळेल. वयाची अट ३० असली तरी बायकांना पाच वर्षांची सूट आहे, तेव्हा एकतिशी झाली म्हणून मैत्रिणी सोडून देतात तसं करू नका. मी नंतर दोनदा परत दिली, नाही झालं, मग दुसरीकडे बघायला लागले.

दुसरीकडे म्हणजे काय काय पाहिलं ते पटकन सांगते. राज्य सरकारच्या संस्थांत बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. तुम्ही यातल्या गटात असाल तर आधी इथेच बघा, आणि जाहिरात यायच्या आधी जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेअर हे सगळं फाईलीत तयार ठेवा, कारण जाहिरात आल्यावर तहसीलला पळायला लागलं की दिवस हातातून जातात. मी खुल्या प्रवर्गातली, त्यामुळे ते बंद. एकुलत्या एका मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाई-जोतिराव फुले यांच्या नावाची फेलोशिप आहे, मला भाऊ आहे म्हणून तेही बंद. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप चांगली आहे पण ती ६ ते ९ महिने अमेरिकेत जायला, आणि माझी माणसं तर इथल्या किनाऱ्यावर. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून आहे, पण ती परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी आणि कर्जाऊ. शेवटी माझ्या मापाची एकच सापडली, आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. त्यांची डॉक्टरल फेलोशिप महिन्याला २०,००० आणि वर्षाला २०,००० कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठी, दोन वर्षं. हिशेब केला तर ५ लाख २० हजार. जेआरएफच्या मानाने कमी, पण मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवत होते आणि ते मानधन वर्षभर हातात येत नाही, त्यामुळे मला हे खूप होतं. हो, पूर्णवेळ संशोधनाची अट असते, सीएचबी सोडावी लागली.

प्रपोजल लिहायला तीन आठवडे लागले, ते मजेत गेले. एकच सांगते, प्रपोजलमध्ये उगाच मोठमोठं लिहू नका. मी राज्य सरकारचा फेब्रुवारी २०१६ चा पर्ससीनवरच्या, म्हणजे मोठ्या बोटींच्या घेरून मारायच्या जाळ्यांवरच्या, निर्बंधांचा आदेश घेतला, त्यानंतर रापणवाल्यांना काय फरक पडला हा प्रश्न मांडला, आणि फील्डवर्कचं वेळापत्रक पावसाळी मासेमारी बंदी धरून लावलं. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात, मुलाखती तेव्हा होतात. गाईड मॅडम म्हणाल्या की तुझा हा भाग सगळ्यात पक्का आहे.

ऑनलाईन अर्ज भरला आणि मग ते पत्र.

अर्जाबरोबर संस्थेचं फॉरवर्डिंग लेटर लागतं, की ही विद्यार्थिनी आमच्याकडे संशोधन करते, आम्ही तिला सोयी देऊ, अनुदान आमच्या खात्यातून जाईल आणि आम्ही त्याचं विनियोग प्रमाणपत्र म्हणजे यूसी, पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, देऊ. एक पान. खाली संस्थेच्या प्रमुखाची सही आणि शिक्का. मला वाटलं दोन दिवसांचं काम.

पहिल्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात सांगितलं, हे विद्यापीठाचं काम, रजिस्ट्रारची सही लागेल. विद्यापीठात फोन लावले, आठवडा गेला, तिथून कळलं की संशोधन केंद्राच्या, म्हणजे कॉलेजच्याच, प्रमुखाची सही चालते. ते लेखी आहे का, असं ऑफिसने विचारलं. लेखी कोण देणार फोनवर, तर परत ईमेल, परत वाट. तो ईमेल आला तेव्हा हेड क्लार्क म्हणाले, "मॅडम, असं पत्र आपल्याकडून कधी गेलेलं नाही, फॉरमॅट आणा." फॉरमॅट नेला. मग साहेब नाहीत. साहेब आले तर मीटिंगमध्ये. मीटिंग संपली तर फाईल दुसऱ्या टेबलावर. माझ्या घरापासून कॉलेजला एसटीने दीड तास, येऊन जाऊन दिवस जातो, अशा अकरा फेऱ्या मी घातल्या आणि प्रत्येक वेळी "उद्या या". उद्या म्हणजे काय हो, माणूस दीड तास एसटीतून येतो त्याचं काही नाही का? एका दिवशी बाहेरच्या बाकावर साडेचारपर्यंत बसले आणि शेवटची गाडी धरायला पळाले, त्या दिवशी खरंच रडू आलं. घरी आल्यावर आईने विचारलं, "तुझा ता पत्र मेळाला काय गो?" आणि मला उत्तर द्यायचीसुद्धा ताकद नव्हती.

आठव्या की नवव्या फेरीला प्रभारी प्राचार्य समोर सापडले आणि त्यांनी खरं काय ते सांगितलं. म्हणाले, मी प्रभारी आहे, उद्या नवीन प्राचार्य येतील, पैसे संस्थेच्या खात्यात येणार, यूसी आम्ही देणार, ऑडिटला उत्तर कोण देणार? आता हा प्रश्न चुकीचा नाहीये. पण तो पहिल्या दिवशी सांगितला असता तर मी त्याचं उत्तर शोधलं असतं. महिनाभर मला वाटत होतं की माझ्या अर्जातच काहीतरी खोट आहे.

गाईड मॅडमनी मला अकाउंट्सच्या काकांकडे पाठवलं. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, यात काय नवीन आहे, रूसाचं, म्हणजे उच्च शिक्षणाच्या केंद्राच्या योजनेचं, अनुदान आलं तेव्हा कॉलेजची पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या ऑनलाईन हिशेबाच्या प्रणालीवर, नोंदणी झालेलीच आहे, एजन्सी कोड आहे, वेगळं खातं आहे, यूसी आपण सीएच्या सहीने दिलेली आहे. मग त्यांनी स्वतः बसून अर्ध्या पानाची टिपणी लिहिली, की अनुदान कुठल्या खात्यात येईल, कॅशबुक वेगळं ठेवलं जाईल, यूसी कुठल्या नमुन्यात जाईल, सबब पत्र देण्यास हरकत नाही. खाली त्यांची सही. ती टिपणी वर लावून फाईल आत गेली आणि पाच मिनिटांत सही झाली. मी महिनाभर पत्रावर सही मागत होते आणि त्यांना हवी होती टिपणी. ज्यांना ही गोष्ट आत्ता कळतेय त्यांनी कृपा करून जाहिरात यायच्या आधीच अकाउंट्समध्ये जाऊन विचारा, आपल्या केंद्राची पीएफएमएस नोंदणी आहे का, मागे कुठलं अनुदान आलं होतं, तेव्हा यूसी कोणी बनवली. तो माणूस तुमचं काम करतो.

सही झाली तो दिवस हरतालिकेचा. शिक्का मारला, पण पत्राला जावक क्रमांक हवा आणि जावक रजिस्टर कपाटात, आणि ज्यांच्या ताब्यात ते, ते दुपारीच गणपतीसाठी गावाला निघालेले. चतुर्थीपासून सुट्ट्या, आणि हार्डकॉपी दिल्लीला पोचायची तारीख सुट्ट्यांच्या आत. मी शिपाई मामांच्या पाया पडायची बाकी होते. त्यांनी फोन लावला, पलीकडून सांगितलं की चावी ड्रॉवरमध्ये आहे, मामांनी कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, मी नंबर आणि तारीख घातली, मामांनी ती नोंद फोनवरून वाचून दाखवली. त्या मामांचे उपकार मी विसरणार नाही. पोस्टात शेवटची बॅग निघायच्या आधी स्पीड पोस्ट झालं. घरी पोचले तर गणपतीच्या वरची माटवी बांधायची राहिलेली आणि आई दारातच, "उद्या गणपती येतलो आणि तू खय फिरतस?" पावती तिच्या हातात दिली तर तिने ती नेऊन देवापुढे ठेवली.

पुढची छाननी, निकाल, ते सगळं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता जे जे आठवतंय ते. पत्राच्या तीन मूळ प्रती सहीसाठी न्या, एक तुमच्याकडे ठेवा, मला ती नंतर दोनदा लागली. जावक रजिस्टरच्या त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. पीएचडीचं रजिस्ट्रेशन कन्फर्म झाल्याचं पत्र नसेल तर बाकी काही करू नका, आधी त्याच्या मागे लागा, माझी एक मैत्रीण फक्त त्यावर अडली. जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली असेल तर संस्थेच्या साईटवर जाऊन पीडीएफ स्वतः वाचा, मला आलेल्या मेसेजमध्ये आदल्या वर्षीची तारीख होती. पहिला हप्ता यायला वेळ लागतो, सीएचबी सोडल्यावर मधले महिने मी भावाच्या पैशावर काढले, तेव्हा तीन-चार महिन्यांचं गाठीशी ठेवा. ज्या फेलोशिपचे पैसे थेट खात्यात येतात त्यात ते आधारला शेवटचं जोडलेल्या खात्यात जातात, तुमचं ते खातं कुठलं आहे ते बँकेत विचारून घ्या, आमच्याकडे कित्येकांचं गॅस सबसिडीसाठी उघडलेलं जुनं खातं निघतं.

आणि कंटिन्जन्सीची बिलं पहिल्या दिवसापासून जपा. टेम्पोचं भाडं, झेरॉक्स, रेकॉर्डरच्या बॅटऱ्या, सगळं. किनाऱ्यावर कोणी छापील बिल देत नाही, मी साधं व्हाउचर करून त्यावर तारीख, रक्कम आणि सही घेते, काकांनी दाखवलं तसं. ते येत्या मार्चमध्ये निवृत्त होतायत. त्यांच्या टिपणीची झेरॉक्स मी फाईलीत लावून ठेवली आहे आणि प्राणिशास्त्राच्या एका मुलाला गेल्या महिन्यात दिली, त्याचं पत्र दोन दिवसांत निघालं.