नमुन्याबाहेरचा कार्टन

औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि टेस्ट ट्यूब येते. मी पॅकिंग मटेरियलवाली. फॉइल, पीव्हीसी, बाटल्या, बुचं, लेबलं, माहितीपत्रकं आणि कार्टन, म्हणजे पुठ्ठ्याचे खोके. वाळूजच्या एमआयडीसीत याच कामात केस पिकायला आले, तरी आमच्याच लॅबमधली एचपीएलसी या औषध तपासायच्या यंत्रावरची पोरं आम्हाला 'पुठ्ठेवाले' म्हणतात. म्हणोत बापडी.

त्या दिवशी ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ.च्या कार्टनचा लॉट आला होता. मधुमेहाची गोळी, १, २, ३ आणि ४ मिग्रॅ.मध्ये येते. मार्केटिंगच्या हौसेमुळे चारही कार्टनचं डिझाइन एकच. फरक फक्त आकड्याचा आणि कडेच्या पट्टीचा: १ मिग्रॅ.ला हिरवी, २ मिग्रॅ.ला नारिंगी. 'ब्रँडची फॅमिली दिसली पाहिजे' असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी सातच्या गर्दीत मेडिकलच्या काउंटरमागे ही फॅमिली कशी दिसते, ते या मंडळींनी एकदा उभं राहून बघावं.

लॉट ६०,००० कार्टनचा. एका शिपरमध्ये, म्हणजे मालाच्या मोठ्या पेटीत, हजार, शंभर-शंभरची बंडलं करून, असे ६० शिपर. त्यातले किती उघडायचे? साठचं वर्गमूळ अधिक एक, म्हणजे नऊ. त्या नवांतून आयएस २५०० या नमुने काढायच्या भारतीय मानकातल्या तक्त्याप्रमाणे ५०० कार्टन काढायचे. मग पुठ्ठ्याचा शंभर चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापून वजन करायचं आणि शंभरनं गुणायचं, की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचं ग्रॅममधलं वजन, मिळतो. जाडी, लांबी-रुंदी, ग्रेनची (पुठ्ठ्यातल्या तंतूंची) दिशा, घडी घालताना क्रीजवर पुठ्ठा तडकतो का, शेड कार्डशी रंग जुळतो का, फार्माकोड, म्हणजे मशीननं वाचायचा पट्ट्यांचा कोड, बरोबर आहे का. बॅच नंबर छापायच्या चौकोनावर वार्निश आलेलं चालत नाही, नाहीतर शाई बोटानं पुसली जाते. आणि मजकूर अक्षरन् अक्षर, मंजूर आर्टवर्कवर पट्टी ठेवून. सगळं पास. रिपोर्टवर सही तेवढी राहिली होती.

स्टोअरमधल्या मावशी नमुने काढून झालेल्या शिपरमध्ये उरलेली बंडलं परत रचत होत्या. एक बंडल हातात धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हिची रेघ तुटलीय बघा."

ही रेघ म्हणजे एजमार्क. पॅकिंगच्या बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो आणि माझ्या मते कार्टनवर याच्याइतकी हुशार गोष्ट दुसरी नाही. कार्टनच्या एका फ्लॅपच्या अगदी काठावर, कापलेल्या कडेला भिडेल असा एक छोटा रंगीत ठिपका छापतात. प्रत्येक आयटमला त्याची जागा वेगळी. सुट्या कार्टनवर तो दिसून न दिसल्यासारखा. पण शंभर कार्टन एकावर एक रचले की सगळे ठिपके मिळून बंडलाच्या बाजूवर सरळ उभी रेघ उमटते. मध्ये परका कार्टन शिरला की त्याचा ठिपका भलतीकडे पडतो आणि रेघेत खाच दिसते. खाच केवढी? पुठ्ठ्याच्या जाडीएवढी, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. मावशींना इंग्रजी येत नाही आणि त्यांनी काही वाचलंही नव्हतं. वाचणारे आम्ही शिकलेले लोक कार्टन समोरून बघत होतो, त्यांनी बंडल बाजूनं बघितलं.

मी खाचेपाशी नख घालून तो कार्टन ओढला. हिरवी पट्टी. १ मिग्रॅ.

म्हणजे या खोक्यात आमच्या २ मिग्रॅ.च्या स्ट्रिप भरल्या गेल्या असत्या. हे औषध स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावतं. एखाद्या वयस्कर माणसाची किडनी आधीच थकलेली, त्यात उपवास, आणि पोटात दुप्पट डोस. साखर उतरते, दरदरून घाम येतो, हात कापतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो.

प्रोडक्शनचे साहेब म्हणाले, "अहो, स्ट्रिपवर २ मिग्रॅ. छापलेलंच असतं की." असतं. पण केमिस्ट फळीवरून उचलतो तो खोका, आणि त्यातून पाच गोळ्या कात्रीनं कापून देतो. ही कात्री बॅच नंबर आणि एक्सपायरीवरून बिनदिक्कत फिरते. त्या तुकड्याच्या मागचा बारीक छापा चष्मा लावून कोण वाचतं? त्यातून हा ब्रँड १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर सक्तीचा झाला त्या ३०० ब्रँडांतला. क्यूआर आम्ही पॅकिंगच्या वेळी आमच्याकडे छापतो. म्हणजे त्या एकाच कार्टनवर पुरवठादाराची छपाई म्हणणार १, आणि आमचा क्यूआर म्हणणार २.

फार्माकोड वाचणारा सेन्सर पकडेल, हा पुढचा मुद्दा. पकडतो, नव्या कार्टनिंग मशीनवर. तिथे शिफ्टच्या सुरुवातीला मुद्दाम चुकीचा कार्टन सोडून सेन्सर जागा आहे ना ते बघतात. ग्लिमेपिराइड मात्र जुन्या लाइनवर जातं. तिथे बायका कन्व्हेयरवर हातानं स्ट्रिप भरतात आणि सेन्सर 'पुढच्या बजेटात' असतो.

मीटिंगमधलं एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही. आमचे मॅनेजर अत्यंत शांतपणे म्हणाले, "५०० नमुन्यांत डिफेक्ट शून्य. तक्त्याप्रमाणे लॉट पास आहे. हा कार्टन सॅम्पलमध्ये नव्हताच." त्यांचं चुकत नव्हतं, हाच तर त्रास. ६०,०००मध्ये एक परका कार्टन असेल आणि आपण ५०० उचलले, तर तो हाती लागायची शक्यता एकशेवीसात एक. उरलेल्या एकशे एकोणीस वेळा माझी सही पडणार आणि लॉटवर हिरवं लेबल लागणार. मी ते गणित फळ्यावर मांडलं. परका कार्टन हा क्रिटिकल डिफेक्ट, तो एकही मान्य नाही, असं आमच्याच एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत आहे, तेही दाखवलं. त्यावर क्यूएच्या (क्वालिटी अ‍ॅश्युरन्सच्या) मॅडमनी विचारलं, "पण सॅम्पलबाहेरचं बंडल बघायला कुणी सांगितलं होतं?" प्रश्न रागाचा नव्हता. त्यांना फॉर्म भरायचा होता आणि फॉर्ममध्ये 'सॅम्पलिंगमध्ये आढळले' आणि 'पॅकिंग लाइनवर आढळले' असे दोनच पर्याय होते.

'निरीक्षण करणारा' या रकान्यापुढे एम्प्लॉयी कोड लागतो. ठेकेदाराच्या माणसांना कोड नसतो. म्हणून तिथे माझं नाव आहे. शेऱ्यात मी हातानं मावशींचा उल्लेख केला होता, टाइप केलेल्या प्रतीत तो राहिलेला नाही.

लॉट रिजेक्ट झाला. त्याआधी क्वारंटाइनमध्ये साठच्या साठ शिपर उघडून प्रत्येक बंडलाची बाजू तपासली. दुसरा कार्टन सापडला नाही. साहेबांना त्यात समाधान वाटलं, एकच तर होता. मला उलटं वाटतं. दहा असते तर निदान एखादा नमुन्यात येण्याची थोडी जास्त आशा होती.

पुरवठादाराचा खुलासा आला. १ आणि २ मिग्रॅ. एकाच मोठ्या शीटवर शेजारी-शेजारी छापले होते. पंचिंगनंतर हातानं वेगळे करताना एक तिकडचा इकडे आला. एकाच औषधाच्या दोन ताकदी एका शीटवर घ्यायच्या नाहीत, हे आमच्या करारात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण करारावर सही घेणारा आमचा खरेदी विभागच दर वर्षी कार्टनमागे चार पैसे पाडून घेतो. ते चार पैसे छापखाना शीटवरच वाचवणार ना! खुलाशाचा शेवट पाठ झालेला: मूळ कारण, मानवी चूक, उपाय, ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण. हा छाप्याचा साचा कुठे मिळतो कोण जाणे, सगळ्यांकडे असतो.

याच पुरवठादाराचे आधीचे लॉट वापरून संपलेत. पॅकिंगच्या रिकन्सिलिएशनमध्ये काही सापडेल म्हणून बॅच रेकॉर्ड काढून बसले. त्यात दिलेले, वापरलेले आणि फाटलेले कार्टन मोजतात, आणि परका कार्टनही एकच मोजला जातो. हिशोब चोख. तक्रारींच्या रजिस्टरमध्येही असं काही नाही. पण साखर उतरून चक्कर आलेल्या माणसाला घरचे गूळ-पाणी देतात आणि उपवासाला बोल लावतात. खोका तर केमिस्टकडेच राहिलेला असतो. तक्रार येणार कुठून?

सुधारित एसओपी आली. नवी ओळ आहे: 'सॅम्पल केलेल्या शिपरमधील बंडलांचे एजमार्क तपासावेत.' म्हणजे साठातले नऊच. बाकीच्या एक्कावन्नांसाठी मी चेंज कंट्रोल, म्हणजे पद्धत बदलायचा अर्ज, टाकलाय. स्टोअरचं म्हणणं, माणसं द्या. मी मावशींना घेऊन स्टॉपवॉच लावलं. एका शिपरमधली दहा बंडलं बघायला त्यांना जेमतेम दोन मिनिटं लागतात. तो आकडा अर्जाला जोडला आहे. फाइल प्रोडक्शनच्या सहीसाठी अडकलीय. दुसरा मंजूर पुरवठादार नसल्यामुळे खरेदीनं त्याच छापखान्याला पुढची ऑर्डर दिली आहे, कार्टन येत्या आठवड्यात यायचेत.