‘विचार करून बघतो’

टोक्योत मीटिंगमध्ये आपलं म्हणणं मांडून झालं की ग्राहकाकडचे वरिष्ठ मान कलती करतात, दातांतून हवा आत ओढतात आणि म्हणतात, “मुझुकाशी देस ने.” म्हणजे, जरा अवघड आहे हो. भारतातून नवा आलेला इंजिनिअर ताबडतोब कामाला लागतो. काय अवघड आहे? डिझाइन बदलू, तारीख पुढे नेऊ! समोरचे आणखी अवघडतात, शेवटी “केन्तो शिमास”, विचार करून बघतो, म्हणतात. संध्याकाळी पुण्याला मेल जातो: ग्राहक अनुकूल आहे.

अरे बाबा, मुलीकडच्यांनी ‘पत्रिका जुळत नाही’ असं कळवल्यावर आपण दुसरा ज्योतिषी शोधतो का?

यात लबाडी असतेच असं नाही. इथल्या जुन्या वळणाच्या कंपन्यांत प्रस्तावाचा कागद टेबलाटेबलावरून फिरतो, प्रत्येकाचा शिक्का पडतो, तेव्हा कुठे निर्णय होतो. मीटिंगला बसलेल्या माणसाच्या हातात एकट्याने ‘हो’ म्हणणं नसतं, आणि तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. म्हणून मी शब्द सोडून देतो, पुढचे प्रश्न ऐकतो. सर्व्हर बंद पडला तर रात्री फोन कोण उचलणार, असल्या बारीक चौकश्या सुरू झाल्या की काम मिळण्याची आशा धरावी. नुसतं गोड हसून लिफ्टपर्यंत सोडायला आले, तर संपलं.

हे भल्याभल्यांना भोवलंय. १९६९च्या नोव्हेंबरात जपानचे पंतप्रधान एइसाकु सातो वॉशिंग्टनला गेले. जपानने कापडाची निर्यात आवरावी, हा अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचा आग्रह, कारण निवडणुकीत त्यांनी गिरणीवाल्या दक्षिणी राज्यांना तसा शब्द दिला होता. आणि सातोंना परत हवं होतं ओकिनावा, दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकेच्या ताब्यात असलेली जपानची बेटं. सातो नेमकं काय बोलले यावर वाद आहे. प्रचलित कथेत ते “झेन्शो शिमास” म्हणाले, योग्य ते पाहतो. निक्सननी ते वचन धरलं. जपानी गिरणीवाले हटले नाहीत, निक्सन भडकले, आणि करार व्हायला १९७१चा ऑक्टोबर उजाडला. ओकिनावा मात्र १९७२मध्ये परत मिळालं.

ओसाकाची तऱ्हा वेगळीच. तिकडचा माणूस “जमलं तर येतो” म्हणाला की तो येत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. टोक्योवाले बिचारे त्याची खुर्ची राखून ठेवतात.