चिखल आणि बर्फ, एकाच संचावर: पिकअपच्या टायरांची निवड झाली, आता झीज मोजतोय

टायरांचं काम एकदाचं मार्गी लागलं. जुना संच उतरला, नवा चढला, रबरावरचा चकचकीत थर घासून गेला आणि स्टेपनीसकट पहिली अदलाबदलही झाली. सगळ्यांत जास्त वेळ निवडण्यात गेला, त्यामुळे या वेळची नोंद बरीचशी त्यावरच आहे. गाडी तीच: एरवी मागच्या चाकांवर चालणारी, गरजेला फोर बाय फोर होणारी पिकअप. मूळ टायर २६५/७० आर १६, म्हणजे रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १६ इंची. वापरही तोच. बहुतेक दिवस डांबर, सुट्टीला चिखलाच्या वाटा आणि हिवाळ्यात बर्फ. दोन संच ठेवायला ना जागा ना बजेट. एकाच संचाने सगळं निभवायचं आणि तो लवकर झिजताही कामा नये.

शोधाला लागल्यावर पहिली गोष्ट पक्की कळली ती ही, की चिखल आणि बर्फ टायरकडून अगदी उलट गोष्टी मागतात. चिखलात खाच भरली की टायर गुळगुळीत झाला, पकड संपली. म्हणून चिखलाच्या टायरला खाचा रुंद, ठोकळे विरळ आणि खांदे, म्हणजे नक्षीच्या दोन्ही बाजूंच्या कडा, उघडे लागतात. चाक फिरलं की गाळ बाहेर फेकला गेला पाहिजे. बर्फाचं तसं नाही. बर्फाला सगळ्यांत चांगला बर्फच चिकटतो. खाचेत दाबून बसलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो, आणि तिथे टायरने तो फेकून देण्यापेक्षा धरून ठेवणं फायद्याचं असतं. शिवाय प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा हव्यात, म्हणजे चावणाऱ्या कडा वाढतात. एमटी (मड टेरेन, म्हणजे खास चिखलाच्या) टायरचे मोठे, भरीव ठोकळे ताज्या खोल बर्फात खणत खणत पुढे जातात खरे, पण गाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या बर्फावर आणि ओल्या डांबरावर त्यांच्याकडे कडाच कमी असतात.

मग दोन डगरींवर पाय ठेवायचा तर वजन कुठल्या पायावर? मी बर्फाच्या बाजूने कौल दिला. चिखलात टायर कमी पडला तर गाडी रुतते, फावडं काढावं लागतं, तासभर जातो. बर्फाळ उतारावर टायर कमी पडला तर गाडी रस्ता सोडते. शिवाय चिखलात हवा कमी करून, वाट बघून आणि संथ चालवून टायरची उणीव बरीच भरून काढता येते. दाबलेल्या बर्फावर ब्रेक लावताना तशी कुठलीही युक्ती हाताशी नसते.

त्यामुळे एमटी बाद. एचटी (हायवे टेरेन, म्हणजे पक्क्या रस्त्याचे) तर चिखलात पहिल्याच ओल्या चढावर भरून जातात, तेही बाद. एटी (ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या वाटांचे) आणि त्याहून थोडे रांगडे आरटी (रग्ड टेरेन) उरले. आरटी दिसायला मोहक आहेत, साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, उतरलेले ठोकळे चाकोरीच्या कडा छान धरतात, पण माझं निम्म्याहून जास्त फिरणं डांबरावर आहे. वजन, आवाज आणि इंधन या तिन्हींत ते जड जातात.

आता खुणांबद्दल, कारण इथे फसगत सहज होते. साइडवॉलवरची ‘एम+एस’ ही खूण नक्षीच्या भूमितीवरून मिळते: खांद्याकडून आत किमान अर्धा इंच जाणाऱ्या खाचा आणि जमिनीला टेकणाऱ्या भागात किमान २५ टक्के मोकळी जागा. बर्फावर चाचणी झालीच पाहिजे अशी अट त्यात नाही, रबर थंडीत मऊ राहतं का हेही ती सांगत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेली खूण वेगळी. १९९९मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उत्पादकांच्या संघटनांनी ती आणली. ती मिळवायची तर टायरला दाबलेल्या बर्फावर प्रमाण टायरशी तुलना करून ठरावीक फरकाने सरस ठरावं लागतं. जर्मनीने तर १ ऑक्टोबर २०२४पासून हिवाळी टायर म्हणून नुसती ‘एम+एस’ खूण मानायचं बंद केलं. तरी या खुणेच्याही मर्यादा आहेत. काचेसारख्या गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर टायर कसा वागेल याबद्दल ती काहीच बोलत नाही. ज्यांच्याकडे महिनोन् महिने तसा रस्ता असतो त्यांनी एटीच्या नादाला न लागता खास हिवाळी टायरच घ्यावेत, आणि कायद्याची परवानगी असेल तिथे खिळेवाले.

हिमकणाची खूण असलेले एटी बाजूला काढल्यावरही यादी लांबच होती. तिथून पुढची चाळणी मी चिरांच्या खोलीवर लावली. मला वाटतं या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत कामाची गोष्ट.

नव्या टायरवर चिरा सगळ्याच सुंदर दिसतात. पण कित्येक टायरांमध्ये त्या वरवरच्या असतात. फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, घेऊन ठोकळ्यातल्या चिरेत अलगद सरकवायचं आणि कुठे टेकतं ते बघायचं. एका टायरवर मुख्य खाच १२ मिमी खोल होती आणि मधल्या ठोकळ्यातली चीर जेमतेम ५ मिमी. म्हणजे ५ मिमी झीज झाली की खाली ७ मिमी रबर शिल्लक असूनही ठोकळा भरीव. दिसायला टायर धडधाकट, बर्फावर मात्र निकामी. मी घेतलेल्या टायरमध्ये मधल्या दोन ओळींतल्या चिरा खाचेच्या जवळजवळ तळापर्यंत जातात आणि आत नागमोडी वळतात. ते वळण मुद्दाम दिलेलं असतं: जोर पडला की चिरेच्या दोन्ही भिंती एकमेकींत अडकतात, ठोकळा लचकत नाही आणि त्यामुळे झीजही आटोक्यात राहते. खांद्याच्या ठोकळ्यांत चिरा कमी खोल आहेत, पण वळणांवर सगळ्यांत जास्त मार खांदाच खातो, त्यामुळे ते मला पटलं.

स्वस्त म्हणजे काय, याचा हिशोब मी पाटीवरच्या किमतीवरून केला नाही. बर्फासाठी टायर १.६ मिमीपर्यंत, म्हणजे एरवीच्या किमान खोलीपर्यंत, चालत नाही. ४ मिमीच्या खाली बर्फावरची पकड झपाट्याने घसरते, आणि ऑस्ट्रियासारख्या देशात हिवाळी टायरला ४ मिमीची अट कायद्यातच आहे. म्हणून नव्या टायरच्या खोलीतून ४ वजा करायचे, उरेल ते खरं वापरायचं रबर, आणि किंमत त्याने भागायची. १० मिमीच्या टायरला वापरायचे ६ मिमी मिळतात, १२.५ मिमीच्या टायरला ८.५. दुसरा टायर ४० टक्के महाग असला तरी, झिजण्याचा वेग सारखा धरला तर, मिलिमीटरमागे दोन्ही एकाच भावात पडतात, वर बसवण्याची मजुरी कमी वेळा द्यावी लागते. अर्थात झिजण्याचा वेग सारखा नसतो. उंच, मऊ ठोकळे लचकतात, तापतात आणि भराभर झिजतात. एमटीची खोली मोठी असूनही डांबरावर ते लवकर संपतात ते यामुळेच. कारच्या टायरवर असतो तसा झिजेचा सरकारी आकडा एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या ट्रकच्या) टायरांवर शोधू नका, त्या अमेरिकी नियमातून एलटी वगळलेले आहेत. तिथे निर्मात्याची किलोमीटरची हमी आणि तीच गाडी चालवणाऱ्यांनी मोजलेली झीज, एवढाच आधार.

घेताना तारीखही पाहिली. साइडवॉलवर छापलेल्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार आकडे आधी आठवडा, मग वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. सवलतीतला माल बहुधा पडून राहिलेला असतो. वर्षभर नीट ठेवलेला टायर घ्यायला माझी हरकत नाही, पण चार-पाच वर्षांचा टायर मी कितीही स्वस्त मिळाला तरी घेणार नाही. रबर वयाने कडक होतं, आणि थंडीत लागणारा मऊपणाच आधी जातो.

भाराच्या श्रेणीवर मित्रांशी बराच वाद झाला. पिकअप म्हटली की सगळे डोळे झाकून ई श्रेणी, म्हणजे १० प्लाय रेटिंगचे (थरांच्या मापात सांगितलेल्या मजबुतीचे) टायर सुचवतात. मी निवडलेल्या एलटी २४५/७५ आर १६ या आकारात सी श्रेणीचा भारांक १०८ आहे, म्हणजे टायरमागे १००० किलो, तोही पूर्ण ५० पीएसआय हवेवर. पूर्ण भरलेल्या गाडीच्या मागच्या आसावर १८०० किलोंच्या वर वजन येत नाही. ई श्रेणीचा भारांक १२०, म्हणजे १४०० किलो. ते बळ मला वापरायचंच नाही, मग त्याचं वजन आणि ताठरपणा रोज कशाला सोसायचा? हवा कमी केल्यावर ताठ साइडवॉल नीट पसरत नाही, आणि चिखलात माझा सगळा भरवसा त्या पसरण्यावर आहे. जे जड ट्रेलर ओढतात किंवा ज्यांच्या वाटेवर धारदार दगड आहेत त्यांच्यासाठी ई बरोबर. माझ्यासाठी सी.

रुंदीत मी एक पायरी खाली आलो: २६५/७० आर १६च्या जागी एलटी २४५/७५ आर १६. पहिल्याचा व्यास सुमारे ७७७ मिमी, दुसऱ्याचा ७७४. अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी फरक, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरिंग दोन्ही जागच्या जागी. अरुंद टायर पाणीदार बर्फ कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो, आणि खाली टणक जमीन असेल तर चिखलातही तेच करतो. तळ न लागणाऱ्या दलदलीत रुंद टायर सरस, पण तिथे मी गाडी घालत नाही. रिमची रुंदी या आकाराला चालते का, ते निर्मात्याच्या तक्त्यात तपासूनच पुढे गेलो.

बसवल्यावर लक्षात ठेवायची बाब हवेची. दारावरच्या पट्टीतला आकडा मूळ टायरसाठी असतो. तेच वजन पेलायला एलटी टायर साधारण जास्त हवा मागतो, म्हणून भाराचा तक्ता पाहून मी डांबरासाठी हवा थोडी वाढवली. चिखलात २० पीएसआयपर्यंत उतरवतो. तिथे टायरचा ठसा मुख्यतः लांबीला वाढतो, रुंदीला फार थोडा, आणि ती लांबीच गाडी ओढून काढते. मग वेग कमी, तीव्र वळण नाही, आणि डांबराला लागण्याआधी पंपाने पुन्हा हवा. थंडीत तपमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआय आपोआप जातो, त्यामुळे हिवाळ्यात तपासणी सकाळी, गाडी हलवण्याआधीच.

आता झीज. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी खडूने खूण केली आहे आणि आतला खांदा, मध्य, बाहेरचा खांदा अशी खोली मोजतो. सुरुवात १२.३ मिमीवर. पहिल्या अदलाबदलीला, म्हणजे ८,००० किलोमीटरला, मागचे टायर मध्यभागी ११.२ आणि पुढचे ११.५. पुढच्या दोघांचा बाहेरचा खांदा ११.३, म्हणजे वळणांचा मार दिसतोय, पण आतल्या-बाहेरच्या खांद्यात फारसा फरक नाही, तेव्हा अलाइनमेंट ठीक आहे. मागच्या चाकांवर मधली झीज खांद्यांपेक्षा ०.३ मिमीने जास्त निघाली. रिकाम्या गाडीला मागे हवा जास्त होत होती, ती ३ पीएसआयने उतरवली आहे.

स्टेपनी धरून पाचही टायर फिरवतोय. माझ्या गाडीत मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. फोर बाय फोर लावल्यावर पुढच्या-मागच्या टायरांच्या घेरात फरक असेल तर तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही आसांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. पंक्चर झाल्यावर चार झिजलेल्यांत एक कोरा टायर लावावा लागू नये, हा पाच टायरांच्या फेऱ्याचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. शिवाय स्टेपनी लटकून म्हातारी होत नाही.

एका गोष्टीवर नजर आहे. पुढच्या टायरांच्या खांद्याच्या ठोकळ्यांवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धार लागते, म्हणजे ठोकळ्याची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजते आहे. एटीत हे होतंच, वाढू दिलं तर आवाज करायला लागतं. म्हणून पुढची अदलाबदल ८,०००वर न नेता ६,०००वर करणार आहे. नक्षी एकदिशा नसल्यामुळे टायर डावीकडून उजवीकडे अदलून त्यांची फिरण्याची दिशा बदलता येईल. रबराचा कडकपणा मोजायचं ड्युरोमीटरही मागवलं आहे. एक मोजणी उन्हाळ्यात आणि एक गोठणबिंदूच्या खाली, त्याच टायरवर, त्याच ठोकळ्यावर.