कादंबरी फक्त टेकडीवर

१६ नोव्हेंबर, रविवार

घरात सध्या एक नियम लागू आहे आणि तो मीच केलेला असल्यामुळे त्याच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नाही. कादंबरी ऐकायची ती चालतानाच. पोळ्या लाटताना नाही, बसमध्ये नाही आणि रात्री झोप येत नसली तरीही नाही. त्यासाठी जुन्या, सिमकार्ड काढून टाकलेल्या मोबाइलमध्ये ऑडिओबुकचे एकच अ‍ॅप ठेवले आहे आणि तो मोबाइल इअरफोनसह चपलांच्या कपाटात, बुटांच्या शेजारी राहतो. बूट पायात असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. नवऱ्याला हा सगळा प्रकार पोरकट वाटतो. "मोठ्या माणसाने स्वतःपासूनच वस्तू लपवून ठेवायच्या म्हणजे कमाल आहे," असे तो म्हणतो. पण मोबाइल रोज रात्री चार्जिंगला लावून पुन्हा कपाटात ठेवण्याचे काम त्यानेच अंगावर घेतले आहे, त्यामुळे त्याच्या बोलण्याकडे मी फारसे लक्ष देत नाही.

चालण्याचे कारण साधे आहे. उन्हाळ्यात केलेल्या रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहाच्या अलीकडचा मानला जातो. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही, चालायला सांगितले. "रोज पाऊण तास, आणि भाजी आणायला गेलात ते त्यात धरायचे नाही," असेही बजावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे, म्हणजे डॉक्टरांनी माझ्यासाठी काही वेगळे काढले नव्हते.

अडचण वेळेची नव्हती, पायांचीही नव्हती. चालणे मला कंटाळवाणे वाटते, एवढीच अडचण होती. पहाटेच्या प्रसन्न हवेबद्दल आणि पक्ष्यांच्या किलबिलाटाबद्दल पुष्कळ लिहिले जाते, पण आठवड्यातून पाच वेळा टेकडीच्या त्याच वाटेने, त्याच गिरिपुष्पांच्या झाडांमधून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात प्रत्यक्षात काय चालू असते, तर कार्यालयातला अपुरा ताळेबंद, गॅसचा नंबर लावायचा राहिला का आणि अजून किती मिनिटे उरली. हा कंटाळा मनोनिग्रहाने मोडता येतो असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना मुळातच चालायला आवडते.

अशा कंटाळ्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. कॅथरिन मिल्कमन, ज्युलिया मिन्सन आणि केव्हिन व्होल्प यांचा तो अभ्यास २०१४ साली 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जिममध्ये येणाऱ्या २२६ जणांचे तीन गट पाडण्यात आले. पहिल्या गटाला त्यांनी स्वतः निवडलेल्या, खाली ठेवता येऊ नयेत अशा कादंबऱ्या ऐकायला मिळाल्या, पण ज्या आयपॉडमध्ये त्या होत्या तो जिममध्येच राहत असे. पुढचे प्रकरण हवे असेल तर जिममध्ये जाण्यावाचून इलाज नव्हता. दुसऱ्या गटाच्या कादंबऱ्या त्यांच्याच आयपॉडमध्ये घालून दिल्या आणि त्या फक्त व्यायामाच्या वेळी ऐका, असा सल्ला दिला. तिसऱ्या गटाला केवळ एक भेटकुपन मिळाले. सुरुवातीला पहिल्या गटाच्या जिमच्या फेऱ्या तिसऱ्यापेक्षा ५१ टक्क्यांनी आणि दुसऱ्याच्या २९ टक्क्यांनी अधिक भरल्या.

मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. कादंबऱ्या दोन्ही गटांकडे सारख्याच होत्या, तरी केवळ सल्ल्यावर सोडलेल्यांपेक्षा ज्यांचे पुस्तक कुलपात होते ते अधिक वेळा आले. ऑडिओबुकमुळे व्यायाम होतो असे जे सर्रास म्हटले जाते ते म्हणूनच अर्धेच खरे आहे. पुस्तक सोफ्यावर पडल्या पडल्याही ऐकता येत असेल तर माणूस सोफ्यावर पडूनच ऐकतो. चालायला लावते ती अट. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे प्रयोग संपल्यावर, आयपॉड असा जिममध्येच अडकवून ठेवण्यासाठी स्वतःचे पैसे मोजायला ६१ टक्के लोक तयार होते. चपलांच्या कपाटाची कल्पना मी तिथूनच घेतली आहे, फक्त मला पैसे पडले नाहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीत माझे टेकडीवर जाणे पूर्ण बंद पडले होते. पाहुणे, फराळ, सासरच्या मंडळींकडे जाणे आणि भाऊबीज यांत ते पडणारच होते. त्या अमेरिकी प्रयोगातही नेमके असेच घडले: नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि तोवर टिकून असलेला फरक त्यानंतर ओसरला. म्हणजे कथेची ओढ सवय लागण्यापुरती पुरते, पण खंड पडला की पात्रांची नावे विसरतात, कोण कोणाचा चुलता हे लक्षात राहत नाही आणि ओढही सैल होते. त्यावर उपाय एकच दिसतो, आणि तो म्हणजे सुट्टीनंतर अर्धवट राहिलेली कादंबरी नेटाने पुढे न नेता नवी सुरू करणे. मी तेच केले. आधीची जाडजूड कौटुंबिक कादंबरी बाजूला ठेवून एक खुनाची कथा लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गजर होण्याआधीच जागी झाले, कारण प्रेत सापडले होते आणि दाराची कडी आतून लागलेली होती.

कोणते पुस्तक चालण्याला चांगले, याबद्दल आता माझी काही मते बनली आहेत. जे पुस्तक मला हातात घेऊन, पेन्सिलीने खुणा करत वाचावेसे वाटते, ते टेकडीवर निरुपयोगी ठरते. वैचारिक निबंधाचे एक वाक्य निसटले की पुढची चार समजत नाहीत आणि मागे नेण्यासाठी थांबावे लागते. कवितेचेही तेच. संवाद भरपूर, प्रकरणे आखूड आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवलेले, असे लेखन चालणाऱ्याला मानवते, मग समीक्षक त्याला काहीही म्हणोत. स्वीडनच्या स्टोरीटेल या ऑडिओबुक कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरात भारतात सेवा सुरू केली तेव्हा तिच्यात पहिल्यापासून मराठीला जागा होती आणि पुढे तिथे खास कानासाठी लिहिलेल्या मराठी मालिकाही आल्या. त्या मालिकांची बांधणी चालण्याच्या वेळात बरोबर बसते. छापील कादंबरीतले निसर्गवर्णनाचे तीन परिच्छेद डोळा सहज ओलांडून जातो, कानाला मात्र ते पूर्ण सोसावे लागतात.

आवाजाचे महत्त्व तर लेखकाच्या जवळपास बरोबरीचे आहे. काही जण प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देतात, म्हाताऱ्याला खोकला आणि खलनायकाला घोगरेपणा; ते पहिल्या तासाला रंजक आणि तिसऱ्या तासाला असह्य होते. ज्या महाराष्ट्राने व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांचे कथाकथन गावोगावच्या सभागृहांत दाटीवाटीने बसून ऐकले आहे, त्याला नाट्य न करता गोष्ट कशी सांगतात हे वेगळे शिकवण्याची गरज नसावी, पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत समोर श्रोते नसल्यामुळे वाचणाऱ्याचा तोल जात असावा. संथ वाचकाचा वेग मी सव्वापट करते. दीडपट केला की मराठीतली क्रियापदे एकमेकांत मिसळतात आणि होकार की नकार ते कळेनासे होते.

एक मर्यादा मात्र शरीरच घालून देते. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर विधी महाविद्यालयाच्या मागच्या बाजूने चढताना सुरुवातीचा उभा चढ लागतो आणि तिथे कादंबरी ऐकू येते पण समजत नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागिऑर्गिस संगीत आणि व्यायाम यांवर अनेक वर्षे संशोधन करत आले आहेत. संगीतामुळे हलक्या आणि मध्यम व्यायामात श्रम कमी जाणवतात. श्रम फार वाढले की मात्र लक्ष आपोआप श्वासाकडे आणि दुखणाऱ्या स्नायूंकडे वळते, असे या संशोधनातून दिसते. शब्दांचे तर त्याहून आधी होते, असा माझा अनुभव आहे. म्हणून चढावर मी नुसते ढोल-ताशाचे वादन लावते आणि माथ्यावरच्या सपाटीला लागल्यावर कादंबरी सुरू करते. यातून एक अनपेक्षित सोय झाली. व्यायाम मध्यम आहे की नाही हे ओळखण्यासाठी, बोलता येते पण गाता येत नाही, अशी खूण डॉक्टर सांगतात. माझी खूण अशी की कथा कळते आहे पण तिच्यावर मत देता येत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज खाणीपाशी एक गंमत लक्षात आली. टेकडीवर दगडाची जुनी, बंद पडलेली खाण आहे आणि तिच्यात पाणी साठलेले असते. तिथून जाताना मला एकदम पहिल्या कादंबरीतल्या विधवा आत्याची आठवण झाली, कारण ती वारली ते प्रकरण मी नेमके तिथे, खाणीला वळसा घालताना ऐकले होते. लेखकाने तिला वाड्याच्या माजघरात मारले आहे, पण माझ्या लेखी ती खाणीच्या काठावर, ऐन ऊन चढताना, समोरून दोन कुत्री आणि त्यांना ओढणारा एक घामाघूम मालक येत असताना वारली आणि आता त्यात बदल होणे नाही. वेताळाच्या देवळापाशी वाटणीचा कागद फाडला गेला. पंचवटीकडे उतरणाऱ्या वाटेवर धाकट्या सुनेने पहिल्यांदा तोंड उघडले. घरात बसून वाचलेल्या पुस्तकांतले प्रसंग मला आठवतात पण ते कुठे वाचले ते आठवत नाही. इथे मात्र जागा आधी दिसते आणि मजकूर मागून येतो. ज्या वाटेला मी कंटाळले होते तिच्यावर आता निरनिराळ्या माणसांची घरे उभी राहिली आहेत, आणि कंटाळा नेमका कधी गेला ते सांगता येत नाही.

सपाटीवर रोज भेटणाऱ्या एका आजोबांना हे पटलेले नाही. त्यांचे वय ऐंशीच्या आसपास असावे, हातात वेताची काठी असते आणि चाल माझ्यापेक्षा जलद आहे. "कानांत बोळे घालून टेकडीवर यायचे, मग मोर बिचारा ओरडतो कोणासाठी?" असे त्यांनी आज मला थांबवून विचारले. मी त्यांना एकच इअरफोन दाखवला. दुसरा कान मी मोकळाच ठेवते, त्यात मोरांचा विचार नसून मागून येणाऱ्या सायकलींचा आणि कुत्र्यांचा आहे, हे मात्र सांगितले नाही. त्यांनी डाव्या कानातला पाहिला, उजव्या कानाकडे पाहिले आणि "अर्धा मोर तरी ऐकता म्हणायचा," असे म्हणून काठी उचलली.

घरापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंतच्या रस्त्यावर मी काहीच ऐकत नाही. रिक्षा आणि दुचाकींच्या गोंगाटात शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवत न्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित धरला जातो. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. साखर आटोक्यात आणून कान घालवण्यात अर्थ नाही.

आजोबांच्या प्रश्नावर मी उतरताना विचार करत राहिले, कारण श्रम करताना शब्दांची सोबत घेणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; तो संग्रह एक लाखाहून मोठा आहे. पहाटे दळण घालणाऱ्या बाईने माहेर, सासर, भाऊ, विठोबा हे सारे त्या दळणात ओवले. परंतु तिची आणि माझी गोष्ट एक नाही. तिला दळण टाळता येत नव्हते, कारण पीठ नसेल तर भाकरी नाही, आणि ओवीने ते अटळ काम सुसह्य होत होते. माझे चालणे रोज सकाळी टाळता येण्यासारखे असते, पोटाला त्याची उणीव त्या दिवशी भासत नाही, आणि म्हणूनच मला ओवी कपाटात बंद करून ठेवावी लागते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

खुनाचा छडा लागला. खुनी कोण हे मला अर्ध्यावरच कळले होते, पण कडी आतून कशी लागली ते शेवटच्या प्रकरणापर्यंत समजले नाही आणि ते प्रकरण परतीच्या वाटेवर, टेकडीचा पायथा दिसू लागला तेव्हा अर्धे बाकी होते. नियम टेकडीपुरता असल्यामुळे मी पायथ्यावरून पुन्हा वर वळले. चढावर पहिल्यांदाच कादंबरी चालू ठेवली आणि धाप लागली असतानाही शब्द न् शब्द समजला. कारागिऑर्गिस यांच्या संशोधनाला यामुळे बाधा येऊ नये. खिडकीचे गज काढता येण्यासारखे होते, एवढेच त्या अर्ध्या प्रकरणात होते.

आता पुढचे पुस्तक निवडायचे आहे आणि त्यात एक नवा पेच उद्भवला आहे. मोबाइल चार्जिंगला लावता लावता नवऱ्याने परवा "जरा आवाज येतो का पाहतो" म्हणून एक ऐतिहासिक कादंबरी लावून पाहिली आणि पहिल्या प्रकरणातच शत्रू गडाच्या पायथ्याशी येऊन ठेपला. आता त्यालाही टेकडीवर यायचे आहे. नियमाला तो पोरकट म्हणत होता, त्याची आठवण मी करून दिली नाही. कपाटातला मोबाइल एकच आहे, दोघांनी एकेक इअरफोन वाटून घ्यायचा तर एकच पुस्तक ऐकावे लागेल, आणि मला लढाया नकोत तर त्याला प्रेते नकोत. शिवाय तो माझ्याहून हळू चालतो. त्यामुळे तूर्त असे ठरले आहे की सोमवार, बुधवार आणि शुक्रवार माझे, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार त्याचे, आणि रविवारी जो आधी बूट घालेल त्याचा मोबाइल.